बिद्रीच्या फडांतील सूक्ष्म सृष्टि व जीववर्गीकरणाचा इतिहास

बिद्री हें गांव कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यांत, कोल्हापुराहून गारगोटीस जाणाऱ्या सडकेवर आहे. दुधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें त्याचें नांव या प्रांतीं सर्वांच्या तोंडीं झालें आहे. (बिदरी नक्षीकामाचें मूळ ठिकाण जें बीदर, त्याचा या गांवाशीं घोटाळा करूं नये. नामसादृश्यावरून ओळख पटवूं गेल्यास काय होतें, हा प्रस्तुत लेखाचाच एक विषय आहे.) या गांवाच्या शिवारांतील एक उंसाचा फड समोर ठेवून जीवसृष्टीच्या वर्गीकरणाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत पेशींचा व जंतूंचा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. परंतु कोल्हापुरास तरी ही सांगड नवी नाहीं. राजाराम कॉलेजांत शास्त्रीय विषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं रसायनशास्त्र मराठींत आणलें, आणि कोल्हापूर व कर्नाटक प्रांतांतील राज्यांचा व संस्थानांचा इतिहासहि त्यांनींच लिहिला.

जुना कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम त्याची मिती पाहतों. ज्या काळीं जो शब्द ज्या अर्थानें चालत होता तोच अर्थ त्या कागदास लावतों. शास्त्रीय नांवांच्या बाबतींत मात्र आपण ही सावधगिरी सोडून देतों, आणि शास्त्रज्ञांनीं एकदां नांव दिलें कीं तें कायमचें खरें असें धरून चालतों. वस्तुतः जीवाचें शास्त्रीय नांव हाहि एक दप्तरांतील कागदच होय. नांव देणाऱ्याच्या हातीं त्या वर्षीं कोणतें यंत्र होतें व त्यांतून त्यास काय दिसलें, याची ती नोंद असते. तिची मिती न पाहतां ती वाचली तर अर्थाचा अनर्थ होतो.

प्रथम उंसाचेंच पाहूं. सुश्रुतसंहितेंत इक्षूचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत शतपोरक म्हणजे पुष्कळ पेरांचा, सूचीपत्रक म्हणजे सुईसारख्या पानांचा, दीर्घपत्र म्हणजे लांब पानांचा, नीलपोर म्हणजे काळसर पेरांचा, अशीं नांवें आहेत. हें वर्गीकरण उघड्या डोळ्यांचें आहे, आणि त्या मर्यादेंत तें उत्तम आहे. पीक पाहणारा शेतकरी आजहि पेर, पान, रंग व डोळा यांवरूनच ऊंस ओळखतो. त्याच यादींत पौंड्रक हें नांव आहे, आणि दख्खनच्या शेतकऱ्यांत पुंड्या हें मऊ व जाड उंसाचें नांव परवांपरवांपर्यंत चालत होतें. हीं दोन नांवें एकमेकांशेजारीं ठेवून सुश्रुताचा ऊंस तोच आमचा पुंड्या, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नांव टिकलें म्हणून वनस्पति तीच टिकली असें होत नाहीं. बेणें बदलतें आणि जुनें नांव नव्या बेण्यास चिकटतें.

असाच दुसरा शब्द म्हणजे ‘पेशी’. आज शाळेंतला मुलगाहि सर्व जीव पेशींचे बनले आहेत असें सांगतो. सुश्रुतानें तर मनुष्यशरीरांत पांचशें पेशी सांगितल्या आहेत. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस पेशींचें ज्ञान होतें असें मोठ्या उत्साहानें लिहिलेलें आढळतें. पण सुश्रुताच्या पेशी म्हणजे मांसाचे पुंजके, ज्यांस आपण आज स्नायू म्हणतों. सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या घटकास हा शब्द अर्वाचीन काळीं लावला गेला. पांचशें हा आंकडाच वाचणाऱ्यास सावध करण्यास पुरेसा होता, कारण खऱ्या पेशींची गणना शरीरांत लक्षकोटींनीं करावी लागते.

तो घटक प्रथम दिसला त्या काळाची मिती मराठी वाचकाच्या लक्षांत राहण्याजोगी आहे. ज्या १६६५ सालीं पुरंदरचा तह झाला त्याच सालीं लंडन येथें रॉबर्ट हूक याचा सूक्ष्म निरीक्षणांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत बुचाच्या पातळ कापांतील चौकोनी कप्प्यांस त्यानें मठांतील कोठड्यांचें नांव दिलें. त्यास दिसल्या त्या केवळ भिंती होत्या. बूच मृत असल्यानें कोठडींतला रहिवासी केव्हांच नाहींसा झाला होता. पुढें १६७४ सालीं, रायगडावर राज्याभिषेक झाला त्यानंतर तीन महिन्यांनीं, डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहुक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें आपल्या गांवाजवळच्या तळ्याचें पाणी स्वतः घांसलेल्या भिंगाखालीं पाहिलें व त्यांत हालणारे अतिसूक्ष्म जीव असल्याचें कळविलें. (या डचांची वखार त्या वेळीं आमच्या वेंगुर्ल्यास होती.) त्याचें यंत्र म्हणजे पितळेच्या दोन पत्र्यांमध्यें बसविलेला वाटाण्याहूनहि लहान कांचेचा मणी. त्याच्या उपलब्ध भिंगांपैकीं सर्वांत प्रभावी भिंग सुमारें २७० पट मोठें दाखवितें. एवढ्या साधनावर त्यानें पुढें जीवाणूहि पाहिले.

पण पाहणें निराळें आणि त्या जीवांस कोठें बसवावें हें ठरविणें निराळें. स्वीडनचा लिनीअस यानें १७३५ पासून सर्व सृष्टीची वंशावळ मांडण्याचें काम हातीं घेतलें. त्याच्या मतें सजीवांचीं घराणीं दोनच, वनस्पति व प्राणी. १७५३ सालीं त्यानें उंसास ‘सॅकरम ऑफिसिनेरम’ असें नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या पदाचा अर्थ औषधविक्याच्या दुकानांतला असा आहे, कारण युरोपांत साखर दीर्घ काळ औषध म्हणूनच विकली जात असे. हें झालें ठळक वनस्पतीचें. लेव्हेनहुकाच्या सूक्ष्म जीवांचें काय करावें हें मात्र लिनीअसास सुचलें नाहीं. त्यानें त्यांतील बऱ्याच जीवांस कृमींच्या वर्गांत ढकललें, आणि १७६७ च्या आवृत्तींत त्यांच्या गणास ‘केऑस’ म्हणजे अव्यवस्था असें नांव दिलें. आपलें अज्ञान इतक्या सरळपणें नोंदणारा कारकून विरळा.

पुढें १८३८-३९ मध्यें श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व श्वान यानें प्राण्यांविषयीं सर्व शरीर पेशींचेंच बनलेलें असतें हा सिद्धांत मांडला, आणि पेशी पेशीपासूनच उत्पन्न होते हें फिरखो यानें १८५५ च्या सुमारास ठाम केलें. आतां आपण फडांत शिरूं.

उंसाचें एक कांडें घेऊन धारदार पात्यानें त्याचा आडवा, कागदासारखा पातळ काप काढावा, कांचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबांत ठेवावा आणि शाळेंतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा. प्रथम दृष्टीस पडते ती बाहेरची साल. तिच्या पृष्ठावर लांबट पेशींच्या ओळींमध्यें आंखूड पेशींच्या जोड्या असतात. जोडींतील एक पेशी बुचासारख्या द्रव्याची व दुसरी वाळूच्या द्रव्यानें, म्हणजे सिलिकेनें, भरलेली असते. पाल्याच्या कडेवर याच सिलिकेचे सूक्ष्म कांटे असतात, आणि ऊंसतोडणी करणाऱ्या माणसांच्या हातांवर जे बारीक ओरखडे दिसतात ते यांचेच. सालीच्या आंत, लोण्यांत मोहऱ्या पसराव्या तशीं, वाहिन्यांचीं गांठोडीं विखुरलेलीं दिसतात. सालीजवळ तीं दाट व गाभ्याकडे विरळ असतात. प्रत्येक गांठोड्यांत पाणी वर नेणाऱ्या दोन मोठ्या नळ्या, अन्नरस वाहणारा नाजूक पुंजका आणि भोंवतीं जाड भिंतींच्या तंतुपेशींचें कवच असतें. उरलेली सगळी जागा गोलसर, पातळ भिंतींच्या पेशींनीं भरलेली असते. या प्रत्येक पेशीच्या पोटांत एक मोठी पोकळी, आणि त्या पोकळींत साखरेचें पाणी. चरकांतून निघतो तो रस याच पोकळ्यांतला, आणि मागें उरतें तें चिपाड म्हणजे भिंती व तंतु. हूकानें ज्या रिकाम्या कोठड्या पाहिल्या त्यांचाच हा ढीग कारखान्याच्या बॉयलरखालीं जळत असतो.

पानाचा काप याहून बोलका आहे. त्यांतील प्रत्येक शिरेभोंवतीं मोठ्या, गडद हिरव्या पेशींचें एक कडें असतें व त्या कड्याभोंवतीं फिक्या पेशींचें दुसरें. हाबरलांट या शास्त्रज्ञानें १८८४ च्या आपल्या ग्रंथांत अशा रचनेचें वर्णन केलें व तीस पुष्पमाळेची उपमा दिली. ही माळ कशासाठीं, हें पुढें ऐंशी वर्षें कोणास नीट कळलें नाहीं. १९६५ मध्यें हवाई बेटांतील संशोधकांनीं व लगोलग ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक यांनीं उंसाच्याच पानांवर प्रयोग करून दाखविलें कीं, बाहेरच्या पेशी हवेंतील कर्बवायू प्रथम चार कर्बाणूंच्या आम्लांत पकडतात, व आंतल्या कड्यांतील पेशी तो मोकळा करून त्याची साखर बनवितात. कडक उन्हांत ऊंस इतका जोमानें वाढतो याचें एक मुख्य कारण ही दोन प्रकारच्या पेशींतील कामाची वांटणी होय.

सूक्ष्मदर्शकाचा याहून खोल उपयोग पेशीच्या केंद्रांतील रंगसूत्रें मोजण्याकडे झाला. १९२० नंतरच्या दशकांत जावा बेटांत ब्रेमर यानें उंसाचीं रंगसूत्रें मोजलीं. जाड, गोड उंसांत तीं ८० भरलीं. नदीकांठीं आपोआप उगवणाऱ्या काश गवतांत, जें याच गणांतलें आहे, त्यांची संख्या ठिकाणोंठिकाणीं निराळी येते. ती ४० पासून १२८ पर्यंत आढळली आहे. गोड ऊंस माता व काश पिता असा संकर केल्यास माता आपलीं निम्मीं न देतां बहुधा सगळींच्या सगळीं ८० रंगसूत्रें संततीस देते, हा त्याचा विलक्षण शोध. कोइमतूर येथें १९१२ सालीं स्थापन झालेल्या ऊंस पैदास केंद्रांत बार्बर व त्यांचे सहकारी वेंकटरामन यांनीं असा संकर करून ‘को २०५’ ही जात काढली. पुढें तेथेंच जानकी अम्माळ यांनीं उंसाच्या व त्याच्या रानटी सोयऱ्यांच्या पेशींचा अभ्यास केला.

याचा आमच्या विषयाशीं संबंध असा. आज कोल्हापूर भागांत ज्या जाति लावतात, उदाहरणार्थ ‘को ८६०३२’, त्या साऱ्या गोड ऊंस व काश यांच्या संमिश्र रक्ताच्या आहेत, व त्यांचीं रंगसूत्रें साधारणतः १०० ते १३० च्या दरम्यान असतात. लिनीअसाचें नांव त्यांस सरळ लागू पडत नाहीं. म्हणून शाहूमहाराजांनीं १८९५ सालीं वसविलेल्या शाहूपुरीच्या बाजारांत पहिल्या वर्षांत जो गूळ आला, तो ज्या उंसाचा होता तो ऊंस आज बिद्रीच्या शिवारांत शोधूं जाणें व्यर्थ आहे. त्या काळच्या कागदांतील एकरी उताऱ्यांची आजच्या उताऱ्यांशीं तुलना करणाऱ्यानें हें अवश्य ध्यानीं ठेवावें. पीक तेंच आहे, पण वनस्पति ती नव्हे.

आतां फडांतील पाहुण्यांकडे वळूं. कांहीं बेटांतून मधला कोंब चाबकासारखा लांब, काळा होऊन वांकतो. शेतकरी त्यास काणी म्हणतो. ज्वारीच्या कणसांतील काळ्या भुकटीसहि तो काणीच म्हणतो, आणि या ठिकाणीं अशिक्षित डोळ्याचा निर्णय शास्त्रासहि मान्य आहे. दोन्ही जवळच्या सोयऱ्या बुरशाच. उंसावरील बुरशीस १९२४ मध्यें ‘उस्टिलागो सायटॅमिनिया’ हें नांव मिळालें. पहिल्या पदांत जळकेपणाचा अर्थ आहे, तेव्हां येथेंहि नांव देणाऱ्यानें शेतकऱ्याप्रमाणें रंगच पाहिला. २००२ सालीं तीस दुसऱ्या गणांत हलविण्यांत आलें. या भुकटीचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं गोल, तपकिरी व मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि लहान दिसतो. लिनीअसाच्या हिशेबीं बुरशी ही वनस्पति. परंतु तिच्यांत हरितद्रव्य नाहीं, आणि तिच्या पेशीची भिंत ज्या कायटिनची बनते तेंच द्रव्य खेकड्याच्या कवचांत असतें. १९६९ मध्यें व्हिटेकर यानें बुरशांस स्वतंत्र सृष्टि दिली, आणि १९९३ मधील रेणूंच्या तुलनेवरून तर असें दिसून आलें कीं त्या उंसापेक्षां ऊंस खाणाऱ्या माणसाच्या अधिक जवळच्या आहेत.

याच फडांत दुसरें एखादें बेट गवतासारखें होतें. बारीक, पांढुरकीं पानें असंख्य फुटतात व कांडें म्हणून धरत नाहीं. हीच गवताळ वाढ. काणी लागलेलें बेटहि चाबूक निघण्यापूर्वीं कधीं कधीं असेंच बारीक फुटवे धरतें, त्यामुळें केवळ पाहून दोहोंचा घोटाळा होतो. साध्या सूक्ष्मदर्शकानें काणीचे कण दिसतात, परंतु गवताळ वाढीचें कारण त्यांतून कांहीं केल्या दिसेना. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकास मिलिमीटरच्या पांच हजाराव्या भागाखालचें स्पष्ट दिसूं शकत नाहीं, ही मर्यादा आबे यानें १८७३ मध्येंच दाखविली होती. दिसत नाहीं त्या अर्थीं तो विषाणू असला पाहिजे, असें मानून हा रोग कित्येक वर्षें विषाणूंच्या खातीं लिहिला गेला. मग १९६७ मध्यें जपानांतील संशोधकांनीं तुतीच्या खुरट्या रोगांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें, अन्नरसाच्या नळ्यांत राहणारे भिंत नसलेले जीवाणू पाहिले. टेट्रासायक्लिन दिल्यानें लक्षणें मावळतात, जें विषाणूच्या बाबतींत घडत नाहीं, हाहि पुरावा त्यांनीं जोडला. गवताळ वाढ त्याच जातीच्या जीवांची ठरली. त्यांस आज फायटोप्लाझ्मा म्हणतात.

हें वर्गीकरण पंडितांचा खेळ नव्हे. काणीचे कण वाऱ्यावर जातात, म्हणून चाबूक फुटण्यापूर्वीं त्यावर पोतें घालून तो कापून जाळावा लागतो. गवताळ वाढीचा जीव वाऱ्यावर जात नाहीं. रोगट बेणें व रस शोषणारे किडे त्यास पसरवितात, म्हणून बेण्यास ५४ अंशांच्या बाष्पयुक्त उष्ण हवेंत सुमारें अडीच तास ठेवितात व किड्यांचा बंदोबस्त करितात. खातें चुकलें तर श्रम व पैसा दोन्ही वायां जातात. १९६७ पूर्वींच्या शेतकी अहवालांत ‘विषाणुजन्य’ असा शब्द वाचला कीं संशोधकानें पुढें काय सिद्ध झालें तेंहि पाहून घ्यावें, इतकें यावरून ठरतें.

फडांतून ऊंस तुटला तरी कथा संपत नाहीं. तोडलेली मोळी उन्हांत पडून शिळी झाली कीं कापलेल्या तोंडांतून एक जीव आंत शिरतो व साखरेचा बुळबुळीत चिकटा करितो. जुन्या कारखान्यांतून तर नळांत बेडकांच्या अंड्यांसारखे गोळे सांपडत. १८७८ सालीं सिएन्कोव्स्की यानें या जीवाचें वर्णन केलें व त्याच वर्षीं फान टिघेम यानें त्यास ‘ल्यूकोनॉस्टॉक’ असें नांव दिलें. या नांवाचा इतिहास मला फार मनोरंजक वाटतो. पावसाळ्यांत ओल्या जमिनीवर काळसर-हिरवे, लिबलिबीत गोळे दिसतात, ते नॉस्टॉक होत. भिंगाखालीं त्यांत मण्यांच्या माळा दिसतात. साखरेंतील जीवाच्याहि चिकट्यांत मण्यांच्या माळाच दिसल्या, फक्त रंगहीन. तेव्हां ‘पांढरा नॉस्टॉक’, म्हणजे शेवाळ्याचा रंग गेलेला भाऊ, असें त्याचें नामकरण झालें. नॉस्टॉक त्या वेळीं वनस्पतींत मोडत असे, त्यामुळें हा जीवहि वनस्पतींच्या ओसरीवर येऊन बसला. पुढें कळलें कीं हा दह्याच्या कुळांतला आम्लकारी जीवाणू आहे. इडलीचें पीठ फुगवितो तोच. नॉस्टॉकशीं त्याचें जवळचें नातें मुळींच नाहीं. परंतु दैव असें कीं नॉस्टॉकच्या पेशींतहि खरें केंद्र नाहीं असें नक्की ठरल्यावर १९७० नंतर नीलहरित शेवाळेंच वनस्पतींतून उठून जीवाणूंत आलीं. फान टिघेमची युक्ति चुकीची होती, तरी दोघे आज एकाच वाड्यांत राहतात, निरनिराळ्या चौकांत.

पेशींत केंद्र आहे कीं नाहीं, हा भेद लिनीअसाच्या दोन घराण्यांहून अधिक खोल आहे, हें हळूहळू पटत गेलें. हेकेल यानें १८६६ मध्येंच सूक्ष्म जीवांची तिसरी सृष्टि कल्पिली होती. शाटॉं यानें १९२५ मध्यें केंद्रहीन व केंद्रयुक्त असे दोन शब्द योजिले, कोपलंड यानें १९३८ मध्यें चार सृष्टि केल्या, व्हिटेकरानें पांच. प्रत्येक पायरीस सूक्ष्मदर्शकाचा आधार होता. पुढची पायरी मात्र सूक्ष्मदर्शकाच्या हातून सुटली.

तिचें उदाहरणहि या भागांतल्या गोठ्यांमागें आहे. शेण कुजवून चुलीसाठीं वायू काढण्याच्या टाक्या कोल्हापूर जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. तो मिथेन वायू बनविणारे जीव सूक्ष्मदर्शकाखालीं कांड्यांसारखे वा मण्यांसारखे, अगदीं इतर जीवाणूंसारखे दिसतात, आणि त्यांच्या पेशींतहि केंद्र नाहीं. म्हणून त्यांस जीवाणूंतच गणीत. १९७७ मध्यें अमेरिकेंतील कार्ल वोस व जॉर्ज फॉक्स यांनीं पेशींतील प्रथिनें घडविणाऱ्या यंत्रणेच्या आरएनए रेणूंचीं अक्षरें जुळवून पाहिलीं, तों हे जीव जीवाणूंपासून इतके दूर निघाले कीं त्यांस निराळें घर द्यावें लागलें. १९९० मध्यें वोस व त्यांचे सहकारी यांनीं जीवाणू, आर्किया व केंद्रयुक्त जीव अशीं तीन क्षेत्रें मांडलीं. ऊंस, काणी, बैल व शेतकरी हे तिसऱ्या क्षेत्रांत एकत्र आले, ल्यूकोनॉस्टॉक व गवताळ वाढीचा जीव पहिल्यांत राहिले, आणि शेणाच्या टाकींतला मिथेनकारी जीव दुसऱ्यांत. तरी सूक्ष्मदर्शक येथें अगदींच निरुपयोगी ठरला असेंहि नाहीं. या मिथेनकारी जीवांत एक विशिष्ट द्रव्य असतें. साध्या प्रकाशाऐवजीं जांभळ्याच्या जवळचा प्रकाश टाकला कीं शेणाच्या त्याच थेंबांतील इतर जीव अंधारांत राहतात, आणि मिथेन बनविणारे तेवढे निळसर-हिरवे चमकूं लागतात.